पुढची दिसते का?

आमच्या घरात हळू कोणी बोलतच नसे. उधन्याच्या ज्या चाळीत मी लहानाची मोठी झाले, तिच्या मागच्या भिंतीला लागून लूमचं खातं होतं. सुरतेत कारखान्याला खातंच म्हणतात. त्या खात्याची धडधड आमच्या भिंतीतून, ताटातून, पाण्याच्या हंड्यातून सारखी चालू असायची. मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागे. आबा लूमवर, भाऊ लूमवर, माय त्याच खात्यात लूमच्या कांड्यांवर धागा भरायला, आणि शाळा सुटल्यावर मीही मायच्या शेजारी कांड्याच भरत होते. वीस वर्षं त्या आवाजात बसून मायचे कान अर्धे गेले होते. तिला वाटायचं, आम्हीच मुद्दाम तोंडातल्या तोंडात बोलतो. पाहुणे आले की त्यांना वाटे आमचं भांडण चाललंय, आणि आम्ही तर नुसतं चहात साखर किती घालायची ते विचारत असू.

अशा घरात एक माणूस गप्प झालं, तर ते आधी कोणाच्या लक्षातच येत नाही. मंगलवहिनी माझ्या भावाची बायको. गिरणाकाठच्या गावातली, उंच, खांद्याने भरलेली, हसली की शेजारच्या खोलीत कळावं अशी. पहिल्या बाळंतपणात तिचं मूल गेलं आणि तिथून ती बोलायची थांबली. काम सगळं करायची. भाकरी थापायची, सुटे धागे कापायला साड्या घरी आणायची, दिवसभर खिडकीकडे पाठ करून कापत बसायची. झोप नाही, भूक नाही. दवाखान्यातल्या बाईंनी गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, हिला रोज थोडं मोकळ्यावर चालवा, बायकांच्या संगतीत ठेवा. मी घरी येऊन हे सांगितलं तर माय म्हणाली, "चालाले काय, ती ढोर शे?" दोन महिने वाट पाहून तिने आपला निकालही ठरवून टाकला. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी जातात, त्यांना न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. माय भावाला माझ्यादेखत म्हणाली, "आखाजीले तिना भाऊ यी. जाऊ दे तिले. मंग परत आनानं काम नही." भाऊ खाली मान घालून जेवत राहिला. मला त्याचा इतका राग आला की मी ताटावरून उठले.

आमच्या शेठच्या खात्याला अमासची सुटी असे. महिन्यातून तो एक दिवस भिंत गप्प व्हायची आणि सगळ्या चाळीला कसं चुकल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी पुरुष झोपत, बायका गोधड्या धूत. मी ठरवलं, अमासला वहिनीला घेऊन चाळीबाहेर पडायचं. एकटीला नेलं असतं तर चार तोंडं बोलली असती, म्हणून मी आणखी बायकांना विचारलं. कोणाची पाठ धरलेली, कोणाला पायऱ्या चढताना धाप, कोणाला नुसता घरचा कंटाळा. शेजारच्या येसूमावशीला तर नातवंडांपासून दिवसभर सुटका हवी होती, तिने ते लपवलंही नाही. पहिल्यांदा आम्ही कालव्याच्या काठाने गेलो, पुढच्या अमासला आणखी लांब. मी तेव्हा विशीचीही नव्हते, लग्न ठरायचं होतं, आणि माझ्या आईच्या वयाच्या बायका माझ्या मागे चालत होत्या. मला ते फार आवडायचं. कशाला खोटं बोलू?

अडचण एकच होती. माणसं घेऊन निघायचं तर ती मोजावी लागतात, आणि येसूमावशी मोजू देईना. मी पहिल्या दिवशी बोट दाखवून एक, दोन, तीन सुरू केलं तर तिने माझं बोटच धरलं. "मान्से मोजतस का कोनी? मेंढ्या शेत का आम्ही? नजर लागस." बाकीच्यांनीही पदर सारखे केले. आमच्याकडे पोळ्या मोजत नाहीत, पोरं मोजत नाहीत, मग सवाष्णी कोण मोजू देणार? आणि वहिनीसमोर, जिचं मूल नुकतंच गेलेलं, मी तरी कुठल्या तोंडाने हट्ट करणार होते? मी मोजणं सोडलं आणि जोड्या लावल्या. जिने तिने आपल्या जोडीदारणीला सांभाळायचं, निघताना जोडीदारीण शेजारी आहे का पाहायचं. मला वाटलं, झालं काम.

ते किती झालं होतं ते चलथाणला कळलं. थंडीत आम्ही तिकडच्या उसाच्या मळ्यांतून फिरलो, ऊस खाल्ला, बोरं खाल्ली, परतताना रस्त्यावर बस लागलीच होती. मी विचारलं, "सगळ्यांची जोडीदारीण आहे ना?" सगळ्या हो म्हणाल्या. बस निघाली, आणि पुष्कळ पुढे गेल्यावर कोणीतरी विचारलं, त्या दोघी सख्ख्या जावा कुठे आहेत? त्या दोघी एकमेकींच्याच जोडीदारणी होत्या. मळ्याच्या बांधावर झाडाखाली दोघींचा डोळा लागला होता आणि त्यांची उणीव भासावी अशी बसमध्ये एकही नव्हती. कंडक्टरने शिव्या दिल्या, बस थांबली, मी उतरून मागे पळत सुटले. त्या समोरून निवांत येत होत्या, हातात ऊस, आणि मलाच विचारत होत्या की एवढी का पळतेस. बायका महिनाभर ते सांगून हसल्या. मीही हसले, पण त्या दिवशी बसमध्ये बसूनच मी जोड्या मोडल्या आणि साखळी केली.

साखळी अशी. ओळीत प्रत्येकीने फक्त आपल्या पुढच्या बाईवर डोळा ठेवायचा. मी थांबून मोठ्याने विचारायचं, "पुढची दिसते का?" आणि शेवटचीने आपल्या पुढचीच्या खांद्यावर हात ठेवायचा, तिने तिच्या पुढचीच्या, असं करत हात माझ्या खांद्यावर यायचा. मग मी वळून शेवटचीला बघायची. हात माझ्यापर्यंत आला आणि शेवटची दिसली की सगळ्या आहेत. दोघी मिळून हरवल्या तरी साखळी तुटते आणि कुठे तुटली तेही कळतं. मोजायची गरजच उरली नाही. येसूमावशीनेही मान हलवली. आज माझी सत्तरी जवळ आली, गुडघ्यात कळा येतात, तरी सोसायटीतल्या बायकांना घेऊन पहाटे कालव्यावर जाते, आणि अजूनही साखळीच लावते. माझी नात हिशेबाने हुशार, ती म्हणते, आजी, सरळ मोज ना. मी नाही मोजत. ही माझी स्वतःची युक्ती आहे, कोणी शिकवलेली नाही, आणि तिचा मला अभिमान आहे.

वहिनी साखळीत नेहमी शेवटची. ती स्वतःच मागे राही. चालताना बोलत नसे, पण पुढच्या बाईवरची नजर ढळू देत नसे. संक्रांतीनंतर ती रात्रीची झोपू लागली. शिमग्याला तिने आपणहून डाळगंडोरी केली आणि ताटलीभर स्वतः खाल्ली. मी मायला म्हटलं, बघ. माय म्हणाली, "खास ते खास. बोलस का?" तिच्या मते घरात बोलणारं माणूस हवं. आखाजी जवळ येत होती आणि चैत्रातली अमास तिच्या नेमकी आधी पडत होती. ती आमची शेवटची सहल ठरणार, हे मला माहीत होतं, वहिनीलाही माहीत होतं. मी तिला विचारलं, कुठे जायचं? ती म्हणाली, "समुद्र नही देखेल." एवढी वर्षं सुरतेत राहून तिने समुद्र पाहिला नव्हता. खरं तर आमच्यातल्या बहुतेकींनी पाहिला नव्हता.

डुमसला जायचं ठरलं तेव्हा मी आधीच्या अमासला आबांना घेऊन नुसती जागा बघून आले. हे मी आजच्या मुलींना पुन्हा पुन्हा सांगते. जिथे माणसं न्यायची तिथे आधी आपण जायचं, आणि त्याच तिथीला, त्याच वेळेला जायचं. आता भरती-ओहोटीच्या वेळा फोनवर दिसतात, पोरी लगेच फोन काढतात, पण फोनवर खाडी दिसत नाही. मी आणि आबा सकाळपासून तिथे बसून राहिलो. समुद्र इतका लांब गेला होता की आबा म्हणाले, हे तर नुसतं काळं रान आहे. भजी तळणारी एक कोळीण होती, तिच्याकडे टोमॅटोची भजी खाल्ली आणि तिला विचारत राहिले. ती म्हणाली, "अमासनो दरियो छे, बेन. पाणी सामेथी नथी आवतुं, पाछळथी आवे छे." पाणी समोरून नाही, मागून येतं म्हणजे काय ते दुपारी डोळ्यांनी पाहिलं. किनाऱ्याच्या अलीकडे वाळूत एक लांब खोलगट पन्हाळ होती, सकाळी चालत ओलांडली तर पायाला चिखलही लागला नव्हता. पाणी बाजूने त्या पन्हाळीत शिरलं आणि पुढची वाळू अजून कोरडी असतानाच मागे नदी वाहू लागली. आबा एवढे मोठे, पण त्यांनी माझा हात धरला. मी तिथेच ठरवलं, पन्हाळीच्या अलीकडे बांबू रोवायचा आणि बांबूच्या पुढे कोणीही जायचं नाही. सावलीचं एकही झाड नव्हतं, म्हणून आबांनी खात्यातून एक ताका आणून ठेवला, विणताना डाग पडल्यामुळे बाजूला काढलेलं कोरं नायलॉनचं कापड, लांबच लांब.

निघायच्या दिवशी सकाळी बघते तर माय पिशवी घेऊन दारात उभी. "मीबी येस. देखू तं द्या, सून कोठे जास ते." मायची जीभ सगळ्या चाळीला ठाऊक होती, त्यामुळे साखळीत तिला आपल्या पुढे घ्यायला कोणीच तयार होईना. शेवटी ती वहिनीच्या पुढे आली. म्हणजे मायला सांभाळायचं काम वहिनीकडे. मला मनातून बरं वाटलं नाही, पण बस सुटत होती.

तिथे पोचल्यावर आधी सगळ्या उभ्याच राहिल्या. ज्यांनी जन्मभर समोर भिंत पाहिली त्यांना नजर कुठे ठेवावी कळेना. मग मी बांबू रोवला, त्याच्या पुढे जायचं नाही असं सगळ्यांना बजावलं, ताका दुसऱ्या बांबूंवर ताणून सावली केली, पाण्याचे कॅन सावलीत ठेवले, प्रत्येकीला आधी गुळाचा खडा आणि पाणी. कळण्याच्या भाकरी, लाल ठेचा, कांदा, आणि चाळीच्या गच्चीवर नुकतेच वाळवलेले ज्वारीचे बिबडे. कोळणीची भजी आली. आखाजी तोंडावर, त्यामुळे झोक्यावरची गाणी आपोआप सुरू झाली. येसूमावशी ताल धरून नाचली आणि नाचता नाचता धाप लागून बसली. वहिनी सावलीच्या कडेला समुद्राकडे तोंड करून बसली होती, खिडकीकडे पाठ करणारी ती, आणि मला वाटत होतं की हे मायने पाहावं. माय कुठे बघते आहे ते मात्र मी पाहिलं नाही. वहिनी पाहत होती.

तिने येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. साखळी मी विचारलीसुद्धा नव्हती. "सुमनताई, आत्या दिसत नही." आत्या म्हणजे सासू, माझी माय. मी वळले तर माय बांबूच्या पलीकडे, पन्हाळीच्याही पलीकडे, वाळूच्या उंचवट्यावर आमच्याकडे पाठ करून ओणवी बसलेली. पिशवीत तिने नारळ आणि कापूर आणला होता, कोणाला न सांगता. एवढं मोठं पाणी, अमासचा दिवस, आणि हात रिकामे ठेवून परत जायचं हे तिला पटणारच नव्हतं. वाऱ्यावर काडी पेटत नव्हती आणि ती एकामागून एक काडी ओढत बसली होती. आणि आमच्या आणि तिच्या मधल्या पन्हाळीत पाणी आलं होतं. पिंढरीइतकंच, पण वाहतं, आणि पाहता पाहता वर चढणारं.

आम्ही सगळ्यांनी हाका मारल्या. वारा समोरून, मायचे कान खात्याने खाल्लेले. ती वळली नाही. दोघी-तिघी धावायला निघाल्या तशी मी जितक्या मोठ्याने कधी ओरडले नव्हते तितक्या मोठ्याने ओरडले, "बांबूच्या पुढे कोणी जायचं नाही. साखळी धरा." त्या थांबल्या. माझं वय बघता त्यांनी ऐकायला नको होतं, पण ऐकलं. मी ताका खाली ओढला. मला पोहता येत नव्हतं. आमच्यापैकी कोणालाच येत नव्हतं, एकीशिवाय. वहिनी पदर कमरेला खोचून माझ्यासमोर उभी होती. "मी जास. माले पव्हता येस. गिरनामां शिकनू."

येसूमावशीने माझा दंड धरला आणि कानाशी लागून म्हणाली, "हिले पानीम्हा नको धाडू. तिना मनना काय भरोसा?" हे वहिनीला ऐकू गेलं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिथे काय पणाला लागलं आहे हे आम्हा दोघींनाही नीट कळत होतं. मी नाही म्हटलं असतं, तर पलीकडे माझी माय होती. आणि नाही म्हणण्याचं खरं कारण तिला कळलं असतं, की चाळीसारखीच मीही तिला मोडलेली समजते. मी भ्यायले होते. पण इतके महिने मी तिला मागून चालताना पाहत होते. पुढच्या बाईला क्षणभर नजरेआड न करणारी ही बाई पाण्यात स्वतःला सोडून देईल, हे मला पटेना. मी विचारलं, "आणशील?" ती म्हणाली, "आनसू." मी ताका तिच्या कमरेला दोन वेढे देऊन स्वतः गाठ मारली आणि म्हटलं, जा.

अंगाने भक्कम बायका पुढे, टाचा वाळूत रोवून, कापड सगळ्यांच्या हातात. वहिनी पाण्यात उतरली तेव्हा ते गुडघ्यापर्यंत होतं. पलीकडे पोचून तिने मायच्या खांद्यावर हात ठेवला. माय दचकली आणि चिडली, कापूर अजून पेटायचा होता. एवढ्या लांबूनही तिचे हातवारे दिसत होते. वहिनीने वाद घातला नाही. तिने मायच्या हातातला नारळ घेतला, समुद्रात भिरकावला आणि मायला दंडाला धरून उठवलं. मग आमच्याकडे वळून हात गोल फिरवून खूण केली, खात्यात यंत्र चालू करा म्हणून करतो तशी. आवाजात कामं करणाऱ्या आम्हाला हाताची भाषा कोणी शिकवावी लागत नाही. आम्ही ओढू लागलो. मधोमध पाणी वहिनीच्या कमरेला आणि बुटक्या मायच्या छातीला लागलं. एकदा मायचा पाय निसटला, कापड ताठ झालं, नायलॉनने आमचे तळहात सोलले, पण सोडलं एकीनेही नाही. वहिनीने मायला काखेत धरलं होतं. दोघी बांबूपाशी आल्या तेव्हा कुठे मी कापड सोडलं.

माय वाळूत बसली, केस सुटलेले, श्वास घेत. पहिला श्वास जमताच म्हणाली, "नारय फेकतस का आशी? फोडतस तरी." आणि वहिनी तिच्यावर ओरडली. महिनोन्‌महिने जिचा आवाज घरात कोणी ऐकला नव्हता ती सुनेने सासूवर ओरडावं तितकं, आणि वर थोडं जास्तच ओरडली. "आनि तुम्ही बुडी जातात तं? तुमले फोडती का तठे?" मायने कान पुढे केला आणि म्हणाली, "ऐकू उनं. आते इतलं वरडाना काम नही." मग तिने आपला ओला पदर पिळला आणि त्याने वहिनीचं तोंड पुसलं. वहिनी तिच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडली, मुलासाठी, मोठ्याने, जसं तेव्हाच रडायला हवं होतं. मी साखळी लावली. हात फिरून माझ्या खांद्यावर आला. पाणी पन्हाळीत भरून वाहत होतं आणि आम्ही सामान आवरलं.

घरी मायने सगळं स्वतःच सांगून टाकलं, आणि सांगताना समुद्र थोडा मोठा केला. भाऊ म्हणाला, बस झाली ही फिरणी, कोणी बुडलं असतं म्हणजे? आबा काहीतरी बोलणार तेवढ्यात माय भावावर कडाडली, की पोरीने बांबूच्या पुढे जाऊ नको म्हणून सांगितलं होतं, गेली ती मी, पोरीला कशाला बोलतोस. माझ्या आयुष्यात मायने केलेली तेवढी एकच स्तुती. माझ्या लग्नात इतके अहेर आले, त्यातला एकही मला आता आठवत नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी वहिनीचा भाऊ आला. वहिनीची ट्रंक भरलेली होती, सगळे कपडे घालून, कारण काय ठरलं आहे ते तिला माहीत होतं आणि ते बदललं असं कोणी तिला सांगितलं नव्हतं. मायने मुराळ्याला खापरावरच्या पोळ्या आणि रस वाढला, त्याच्यासमोर पाय पसरून बसली, त्याची विचारपूस केली. तो हात धुऊन उठला आणि त्याने ट्रंक उचलली. ती जड लागली म्हणून त्याने मायकडे पाहिलं. माय उठली, त्याच्या हातातून ट्रंक घेतली, उघडली, आणि वहिनीची एक जोडी लुगडी तेवढी बाहेर ठेवून बाकीच्या कपड्यांसकट ट्रंक पुन्हा पलंगाखाली सरकवली.

"पुढली अमासना पहिले हिले लई ये," ती त्याला म्हणाली, खातं चालू असल्यामुळे अगदी ओरडून, सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशी. "मना मांगे कोन चाली?"